एक जूनच्या आम्ही दोघी

बाईंचं सांगते, आणि माझंही. शहापूर-मुरबाड रस्त्यावरच्या मुलींच्या वसतिगृहात मी स्वयंपाक करते आणि शेजारच्या शाळेत बाई इतिहास शिकवतात. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी मला वर्गाची किल्ली दिली नसती, तर मी कधी जन्मले हे मला आजही ठाऊक नसतं.

मी परांड्याकडची, सातवीत शाळा सुटलेली. सुट्टी लागली की पोरी आपापल्या पाड्यांवर जातात. माझं गाव लांब, आणि माघारी काम दुसऱ्या कुणाला दिलं तर, ही धास्ती. म्हणून मी राहते. मोठमोठ्या पातेल्यांच्या शेजारी एका माणसाचा भात शिजवते. जेवायला बसलं की स्वतःचंच चावणं ऐकू येतं.

बाई राहिलेलं काम पुरं करायला आल्या होत्या. मला ओट्यावर नुसतीच बसलेली बघून म्हणाल्या, चल, तुला जग दाखवते. वर्गात भिंतीवर मोठा पडदा आहे, बोटानं चालणारा. त्यावर त्यांनी जगाची कालरेषा उघडली. बोट एकीकडे सारलं की मागचा काळ येतो, दुसरीकडे सारलं की आजचा. दोन बोटं फाकवली की एक वर्ष ताणून अंगणाएवढं होतं. राजवटी रंगीत पट्ट्यांसारख्या, लढाया आणि शोधांची टिंबं. टिंबाला हात लावला की चित्र येतं, खाली चार ओळी.

मी हात धुतले, पदराला पुसले, तरी धीर होईना. बिघडलं तर?

"नाय बिघडत गो," बाई म्हणाल्या. "पोरी रोज बडवतात त्याला." आणि किल्ली माझ्याकडे ठेवून मुरबाडची गाडी पकडायला गेल्या.

मग रोज भांडी आवरली की मी तिथं. पिरॅमिड पाहिले, चीनची भिंत पाहिली. पण आवडायचा तो पार मागचा भाग. तिथं टिंबं फार लांब लांब. एक इथं, मग नुसती रेघ, रेघच रेघ, आणि मग कुणीतरी धान्य पेरल्याचं टिंब. त्या मधल्या रेघेत किती माणसं जेवून झोपली असतील, कुणाचं काही लिहिलेलं नाही. मला तिथं ओळखीचं वाटायचं.

कोपऱ्यात एक चौकट होती. जन्मतारीख टाकायची, मग आपलंही टिंब लागतं. बाई पुन्हा आल्या तेव्हा मी ती दाखवली. त्यांनी तारीख विचारली. एक जून, मी म्हटलं. त्या हसायलाच लागल्या.

"शाळेत नाव घालताना मास्तरांनी दिलेली ना? माझीपण तीच. आमच्या अख्ख्या पाड्याचा वाढदिवस एक जून."

बाई धसईपलीकडच्या पाड्यावरच्या, तिथून शिकलेल्या पहिल्या. आईवडील दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचे, पावसाआधी परतायचे. बाई भट्टीवरच झाल्या. भट्टी जूनमध्ये बंद असते, म्हणजे एक जून तर नक्कीच नाही, असं त्या हसत हसत सांगत होत्या. मग हसू थांबलं. कुठली भट्टी, कुठला महिना, आईला विचारायचं राहिलं आणि आई गेली.

"तुझी आय हाय ना?" त्या म्हणाल्या. "आजच विचार."

त्यांना ठाऊक नव्हतं, पण मला नेमकी तीच भीती होती. मी शेंडेफळ. आई थकलीय आणि हल्ली विसरते. मागच्या फोनला मला मावशी समजून तिनं माझीच खुशाली विचारली होती. ती विसरली की माझा दिवस गेला. बाप नाही, भाऊ तेव्हा लहान, दुसरं कुणी नाही सांगायला.

भावजयीनं फोन आईच्या कानाला लावला. आधी आई कोण, कोण करत राहिली. मी विचारलं, माय, मी कधी झाले गं? मग जणू कालचंच असावं तशी बोलली.

"गणपती दूध पिला त्या दिवशी. सुईण देवळाच्या रांगेत, तांब्या घेऊन. तुझ्या बापानं तिथनंच आणली तिला. तू झालीस, अन् त्या तांब्यातलं दूध म्याच पिले."

"देव उपाशी ऱ्हायला मग," मी म्हटलं.

आई मनापासून हसली. हसून झाल्यावर म्हणाली, "तू कोण बोलतीस?"

देशभर गणपतीला दूध पाजायला रांगा लागल्या होत्या, त्या दिवसाची बाईंनी तारीख शोधली. एकवीस सप्टेंबर, साल पंच्याण्णव निघालं. त्या कालरेषेवर गणपतीच्या दुधाचं काही नव्हतं, फक्त माझं टिंब, बाईंनी माझ्याच बोटानं लावायला लावलेलं. ते इतकं बारीक होतं की मी दोन बोटं फाकवत राहिले, तो दिवस पडदाभर होईपर्यंत. बाई बघत होत्या. त्यांनी स्वतःची तारीख टाकली नाही.

धसईच्या बाजाराला भाजी आणायला मी जातेच. तिथं बसणाऱ्या म्हाताऱ्या बायांपैकी कुणीतरी बाईंच्या आईबरोबर विटा वाहिल्या असतील. मी विचारत राहणार आहे. एक ना एक दिवस बाईंना त्यांचा दिवस आणून देईन, आणि त्या दिवशी सगळ्यात मोठ्या पातेल्यात खीर करीन.