आखाजीचं पारणं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना नाही. साध्वीजींपुढे हात जोडून वर्षभराच्या चुका सांगायच्या असतात, तिथेही नाही. त्यांना मी किरकोळ सांगायची — रागावले, उलट बोलले, पायाखाली मुंगी आली. मोठं तेवढं ठेवून दिलं. तुमचं-माझं काही नातं नाही, म्हणून बोलतेय.

आमच्या दिवाणखान्यात एक फोटो आहे. त्यात मी तेवीस वर्षांची, गळ्यात हार, समोर उसाच्या रसाचा कलश. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस. धुळ्यात घरोघरी माहेरवाशिणी झोके घेत होत्या आणि आमच्याकडे माझ्या वर्षीतपाचं पारणं होतं. वर्षीतप म्हणजे तेरा महिने एक दिवस जेवायचं आणि एक दिवस फक्त उकळलेलं पाणी. आम्ही मारवाडी जैन. खाली कापडाचं दुकान, वर घर. असं तप करणारी त्या घरातली मी पहिली सून. सासूबाईंचे पाय जमिनीला लागत नव्हते. नातसुना अजून त्या फोटोला हात जोडतात. मी म्हणते, पुरे गं बायांनो. त्यांना तो माझा विनय वाटतो!

पण रस शेवटी. आधी पाव.

दुष्काळाचं साल होतं ते, रेशनवर मिलो, ती परदेशी लाल ज्वारी, मिळायची तेव्हाचं. दर हिवाळ्यात तिबेटी लोक स्वेटर विकायला यायचे. आम्ही त्यांना सरसकट नेपाळी म्हणायचो — कोण विचारत बसतंय? त्यातली एक बाई आमच्या गोदामाच्या ओट्यावर बसायची, आबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, परवानगीनं. त्या साली स्वेटर कोण घेणार? मग तिनं ओट्यावरच शेगडी मांडली, वर एकावर एक भोकाची भांडी, आणि वाफेवर पाव उकडून विकायला लागली. पांढरे, मऊ, आत भाजी. हमाल आणि टांगेवाले उभ्या उभ्या खायचे. वाफ थेट आमच्या गॅलरीत यायची. उपवासाच्या दिवशी ती वाफ म्हणजे — जाऊ द्या. सबबी सांगायला बसलेली नाही मी.

एका दुपारी घरातल्या सगळ्या उपाश्रयात, साध्वीजींच्या प्रवचनाला गेल्या होत्या. मी खाली उतरले. मोडक्या हिंदीत विचारलं — प्याज? लसूण? आलू? तिनं मान डोलावली, सगळंच होतं. मग हसली आणि बोटांनी दाखवलं, परवा ये. परवा माझे पाव वेगळे होते. नुसती कोबी आणि मीठ. ओळखू यावेत म्हणून वर चुण्या न घालता गुळगुळीत वळलेले. पीठ रात्रीचं भिजवलेलं आहे का, हे मात्र मी विचारलं नाही. आमच्यात तसलं आंबवलेलं चालत नाही, म्हणून मुद्दामच नाही विचारलं. उपवास मोडायचा, वर त्यात कांदा नको! हसू येतं की नाही? मला येतं.

एकदाच झालं असं वाटेल तुम्हाला. छे! पौष महिनाभर. जेवणाच्या दिवशी कधी गेले नाही, उपवासालाच जायची.

मग एक दिवस मोठ्या जाऊबाई प्रवचन सोडून लवकर आल्या. मी ओट्याशीच उभी, अर्धा पाव तोंडात.

"काय गं, तोंडात काय? आज तर तुझा उपवास ना!"

मी थुंकले. आणि म्हणाले, "हिनं प्रसाद आहे म्हणून तोंडात कोंबलं, जाऊबाई. आत मांस आहे. वास येतोय."

किती पटकन सुचलं, बघा. कुणी शिकवलं नव्हतं.

आबा गल्ल्यावरून उठून आले. शेजारचे दुकानदार जमले. आमचा हमाल सुकलाल मध्येच म्हणाला, "आबा, नुसती कोबी शे त्यामा. मी रोज खास."

"तू काय, सगळंच खातोस," आबा म्हणाले. आणि त्यालाच तिचं सामान रस्त्यावर ठेवायला लावलं. त्यानं एकेक भांडं सावकाश, जपून नेलं.

तिला मराठी कळत नव्हतं. भांडण कांद्याचं आहे असं तिला वाटलं. "प्याज नहीं, बाबूजी, प्याज नहीं," एवढंच ती म्हणत राहिली. एक गुळगुळीत पाव फोडून तिनं आबांपुढे धरला, तर आबा दोन पावलं मागे सरले. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. म्हणजे, तू सांग ना यांना. कोबीच आहे — दोन शब्द होते. मी तोंडाला पदर लावला आणि उलटी आल्यासारखं केलं.

त्या बाजारात पुन्हा तिला कुणी बसू दिलं नाही. तिच्याबरोबरच्या बायकांनाही नाही. पुढच्या हिवाळ्यापासून ते लोक जळगावला बसतात असं कानावर आलं. जळगाव माझं माहेर. मी कितीतरी वर्षं थंडीत माहेरी गेले नाही. सासूबाई चारचौघांत सांगायच्या, आमच्या सुनेला सासरच गोड. साध्वीजी म्हणाल्या, नकळत तोंडात गेलं, तप मोडलेलं नाही. उलट माझं नाव वाढलं. एवढा प्रसंग येऊनही पोरीनं तप सोडलं नाही, म्हणून!

खोटं काय, भीतीपोटी माणूस बोलतं. ते मी कदाचित कधीतरी सांगितलंही असतं. न सांगितलेलं वेगळंच आहे.

त्या दुपारी जाऊबाईंनी मला तोंड धुवायला वर मोरीत पाठवलं. दार लावलं. खालून तिचा आवाज अजून येत होता, प्याज नहीं, प्याज नहीं. माझ्या पदराच्या घडीत उरलेला अर्धा पाव होता, जाऊबाई दिसताच लपवलेला. अजून गरम होता.

मी तो खाल्ला. सावकाश, सगळा. मग तोंड धुतलं.