डोमाकाकांनी तोडलेली जोडी

मी लिहावं असं माझ्यात काही नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणाच्या हातात लेखणी आली नाही. वडील अजूनही अंगठाच करतात. कॉलेजच्या अंकासाठी एखाद्या व्यक्तीचं चित्र लिहून द्या असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा वर्गातल्या कुणी देशभक्त निवडला, कुणी संत. माझ्या डोक्यात एकच माणूस आला, आणि तो बैलांचा दलाल आहे. विषय हलका वाटला तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. मला दुसरा माणूस इतका जवळून ठाऊक नाही, आणि खरं सांगायचं तर हाही पुरता ठाऊक नाही. म्हणूनच लिहून पाहतो आहे.

डोमाकाका माणूस भेटला की आधी त्याचे दात बघतात. बैलाचं वय दातांवरून कळतं, आणि आयुष्य बैलांत गेल्यामुळे त्यांना माणसाचंही तसंच कळत असावं. एकदा लग्नाच्या मांडवात त्यांनी नवरदेवाला म्हटलं, "हसा ना जी जावई, रडून कायले राहिले?" नवरदेव हसला. काकांनी दात पाहून घेतले आणि मुलीच्या बापाला लांबूनच मान डोलावून दाखवली.

आमचं गाव आमगावहून देवरीला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. आमच्या भागात माघ-फाल्गुनात शंकरपट भरतात. हलक्या छकड्याला बैलांची जोडी जुंपतात आणि सरळ मैदानात पळवतात. डोमाकाका चिचगडकडच्या बाजारांतून कोवळे गोऱ्हे आणायचे, त्यांना पटासाठी तयार करायचे आणि चांगल्या शौकिनाच्या हाती द्यायचे. 'पटाचे डोमाजी' म्हटलं की गोंदियापर्यंत लोक ओळखत.

गावात फुटबॉल आला तो झनकमुळे. झनक माझ्याच वयाचा, माझ्याच वर्गातला. त्याचा मामा गोंदिया स्टेशनात हमाल होता. रेल्वेच्या मैदानावर टाकून दिलेला एक चेंडू त्याने भाच्यासाठी आणला. धान कापून झालं की बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं, मोकळ्या व्हायच्या. त्यातल्या सर्वांत मोठ्या बांधीत आम्ही अनवाणी खेळायचो. पायांना धसकटं टोचायची. आम्ही सगळे धसकटं चुकवत पळायचो. झनकला ती दिसतच नसत. त्याचा पाय त्यांच्या मधल्या जागेत आपोआप पडायचा.

डोमाकाका एक दिवस शेताच्या कडेला धुऱ्यावर येऊन बसले. खेळ संपेपर्यंत तिथून हलले नाहीत. आम्ही चेंडू घेऊन परत निघालो तशी त्यांनी झनकला हाक मारली.

"ए पोट्ट्या, अठी ये. आ कर."

झनकने आ केला. काकांनी आत डोकावून पाहिलं, मग त्याच्या पिंढऱ्या दाबून पाहिल्या.

"अजून अदंत हाये, पक्के दात यायचे हायेत," ते म्हणाले. "याले एवढ्यात कोठी नेऊ नका. मोडून जाईल."

मग माझ्याकडे वळले. "आन् तू त्याच्या उजव्या अंगाले पळतेस. तो पळता पळता तुह्याकडंच पाहते. तू त्याचा जोडीदार." माझे दातही पाहिले, पण काही बोलले नाहीत. ते काय ठरवून गेले हे मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ते रोज आले. मला तेव्हापासून एक प्रश्न पडलेला आहे: या माणसाला फुटबॉल कळत होता का? गोल झाला की आम्ही ओरडायचो आणि ते तंबाखू मळत असायचे. कोण जिंकलं हे त्यांनी कधी विचारलं नाही. चेंडू पुढे गेला की आम्ही सगळे पुढे बघायचो, ते मागे परतणाऱ्या पोरांकडे बघायचे. मी विचारलं, "काकाजी, तुमी उलटं काऊन पाहता जी?"

"पळताना सारेच चांगले दिसते बापा," ते म्हणाले. "पळून झाल्यावर परत कसा येते ते पाह्यचं असते. मान खाली घालून आला तं बैल संपला. इकडं तिकडं पाहत, कान हालवत आला, तं त्याच्यात अजून बाकी हाये."

झनक नेहमी इकडेतिकडे बघत यायचा.

झनकचा खुराक काकांनी हाती घेतला. भिजवलेला हरभरा, गूळ, जवसाची चटणी. गुरांना घालतात ती सरकीची ढेपसुद्धा आणली होती, पण झनकच्या आईने ती अंगणात फेकली.

"माह्या पोराले बैल समजले का तुमी?"

"बैल असता तं बाजारातून घेऊन आलो असतो, वहिनी," काका म्हणाले. "असा बाजारात भेटत नाही, म्हनून तं तुह्या दारात येऊन शिव्या खातो."

ती हसली नाही. पण दुसऱ्या दिवशी हरभरा तिनेच भिजत घातला.

पावसाळ्यात चिखलणीच्या वेळी त्यांनी झनकला बैलांमागे चिखलातून चालवलं, म्हणजे पाय बळकट होतात. मलाही चालवलं. मी थकायचो, आणि झनक माझ्यासाठी थांबायचा. काकांना हे आवडायचं. "जोडीत एक कमी पडला का दुसऱ्यानं पाऊल आखडलं पाह्यजे," म्हणायचे. "नाही तं छकडा उलटते."

आमगावच्या जत्रेत आमचा पहिला सामना झाला, तिथे त्यांनी गंमतच केली. झनकला म्हणाले, तू गोलात उभा राहा. आम्ही सगळे चिडलो. समोरची पोरं आम्हाला हसत होती, आमच्यावर गोल होत होते. त्याहून वाईट म्हणजे गोलात झनक अगदीच वाईट होता.

"काकाजी, हारून राहिलो ना!" मी रडकुंडीला आलो.

"पहिल्या फेरीत बैलाची चाल कोनी दाखवते का गा? झूल घालून उभा करतात त्याले. बसू दे त्याइले आरामात."

मध्यंतरानंतर त्यांनी झनकला पुढे सोडलं. समोरच्या पोरांना काय झालं ते कळायच्या आत आम्ही बरोबरी केली. जिंकलो मात्र नाही. परतताना मी म्हटलं, सुरुवातीपासून तो पुढे असता तर जिंकलो असतो. काकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पटात दाखवलेल्या बैलाला पुढच्या वेळी लोक अडवतात, हे त्यांना माहीत होतं. फुटबॉलमध्ये तो हिशेब लागू पडत नाही, हे त्यांना माहीत होतं की नाही, ते मला अजून ठाऊक नाही.

अशी दोन वर्षं गेली. तेव्हा महायुद्ध चालू होतं. रेल्वेतली खेळणारी कितीतरी माणसं लढाईच्या कामाला गेली होती, म्हणून टीमसाठी पोरं शोधत एक बंगाली बाबू गोंदियाला येतो असं झनकच्या मामाने कळवलं. काकांनी झनकचे दात पुन्हा पाहिले आणि म्हणाले, "आता चालते."

गोंदियाच्या मैदानावर आम्ही गावची पोरं रेल्वेच्या पोरांशी खेळलो. त्यांच्या पायांत बूट, आमचे पाय उघडे. झनकने त्या दिवशी जे केलं ते सांगायला माझ्याजवळ शब्द नाहीत. मी चेंडू त्याला दिला की तो कुठल्याशा फटीतून निघून जायचा आणि पुन्हा मला शोधायचा. बाबू खुर्चीतून उठून रेषेपर्यंत आला. सामना संपल्यावर तो झनकच्या खांद्यावर हात ठेवून मामाला म्हणाला, "आज शाम की गाड़ी से इसको हमारे साथ भेज दो। खड़गपुर में नौकरी भी, खेल भी।"

मामा डोमाकाकांकडे बघू लागला. काका पुढे झाले. त्यांनी मला हाताला धरून झनकशेजारी उभं केलं.

"ये जोड़ी है बाबूजी। दोनों ले जाओ।"

बाबू मला खालपासून वरपर्यंत बघून हसला. "हमको एक लड़का चाहिए, बैलगाड़ी नहीं।"

"एक बैल से कौन सी गाड़ी चलती है? आप एक पाँव से खेलते हो क्या?"

आजूबाजूचे हसले. बाबू हसला नाही. तो म्हणाला, दुसरा साधारण आहे, तसे आमच्याकडे पुष्कळ आहेत. गाडीपर्यंत विचार करा, नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो.

माझं काय होत होतं हे लिहिताना संकोच वाटतो. मला जायचं होतं. रेल्वेची नोकरी म्हणजे आमच्या घराला स्वप्न. आणि बाबू म्हणाला ते खरं आहे, मी साधारण आहे, हेही मला त्याच वेळी कळत होतं. झनक म्हणाला, "हेमराज नाही येत तं मीबी नाही जात, काकाजी." त्याचा आवाज ठाम होता. डोळे मात्र इंजिनाच्या धुराकडे लागले होते. काकांनी ते डोळे पाहिले.

त्यांनी खाली बसून तंबाखू मळली. एवढा वेळ मळली की ती खाण्याजोगी राहिली नसेल. मग उठून बाबूला म्हणाले, गाडीला वेळ आहे. याला तुमच्या पोरांत घालून थोडं खेळवून बघा, आमचं एकही पोर नको. पटवाले जोडी तोडायची वेळ आली की असंच करतात. चांगला बैल परक्या बैलाबरोबर जुंपून बघतात. ओढला तर तो निभावला. नाही ओढला तर त्याला कुठेच नेऊ नये.

बाबू तयार झाला. झनक रेल्वेच्या पोरांत गेला. मी काकांशेजारी रेषेबाहेर बसलो.

पहिल्यांदा चेंडू आला तेव्हा झनकने तो उजवीकडे ढकलला. तिथे कुणी नव्हतं. दुसऱ्यांदाही तेच. रेल्वेची पोरं हसली, एकाने त्याला गावठी म्हणून हाक मारली. चेंडू पायात असताना झनक वळून वळून मी बसलो होतो तिकडे बघत होता. बाबूने तोंड फिरवलं.

डोमाकाकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"हेमराज, तू अठून ऊठ. त्या मालगोदामाच्या मागं जाऊन बस. त्याले दिसू नको."

मी गेलो. गोदामाच्या भिंतीला टेकून बसलो. समोर मालगाडीच्या रिकाम्या वाघिणी उभ्या होत्या. मैदानावरचं मला काहीच दिसत नव्हतं. थोडा वेळ नुसत्या शिट्ट्या. मग एक मोठा ओरडा. मग आणखी एक, आणि त्यात झनकचं नाव, बंगाली उच्चारात. त्याचं आयुष्य ज्या खेळाने ठरलं तो मी पाहिला नाही.

पायांचा आवाज आला. डोमाकाका होते. ते माझ्याजवळ मातीत बसले.

"कसा खेलून राहिला जी?" मी विचारलं.

"मी नाही पाहिलं."

"मंग ओरडले ते?"

"तू निघाल्यावर मीबी पाठ फिरवली. त्याच्याकडं पाहाले बहुत झन हायेत. जोडी तुटली का मागं राहिलेल्या बैलाजवळ बसा लागते, बापा. नाही तं तो चारा सोडते."

सायंकाळच्या गाडीने झनक गेला. डब्याच्या दारातून तो काहीतरी ओरडला, ते ऐकू आलं नाही. काकांनी हात वर केला नाही. ते गाडीचा शेवटचा डबा जाईपर्यंत माझा खांदा धरून उभे होते.

त्यानंतर मी फुटबॉल खेळलो नाही. मला काही सुचत नव्हतं, जेवणही जात नव्हतं. काका रोज येऊन ओसरीवर बसायचे, बैलांच्या गोष्टी सांगायचे, आणि मी जेवलो की उठून जायचे. शाळा उघडली तसे ते मला घेऊन गोंदियाच्या हायस्कुलात गेले. हेडमास्तरांना म्हणाले, "हा उजव्या अंगाचा हाये जी. शांत हाये, पण ओढते. याले चाबूक नाही लागत." हेडमास्तरांनी माझे दात पाहिले नाहीत, पण नाव लिहून घेतलं. त्या दाखल्यामुळेच मी आज नागपूरला कॉलेजात आहे.

झनकचं कधीमधी मामाकडून कळतं. मोठ्या सामन्यांत खेळतो, आता बूट घालतो. डोमाकाका त्याचं यश कधी विचारत नाहीत. मामाला एवढंच विचारतात, "खेल झाल्यावर कसा येते? मान खाली तं नाही ना?"

आता ते थकले आहेत. पटाच्या मैदानावर जात नाहीत. सगळे बैल दिले, एक म्हातारा चांद्या तेवढा ठेवला आहे. त्याचा जोडीदार गेल्या वर्षी मेला, तेव्हापासून काका गोठ्यातच खाट टाकून झोपतात. या दिवाळीला गेलो की त्यांना विचारायचं ठरवलं आहे: काकाजी, तुम्हाला फुटबॉल कळत होता का? आणि माझे दात पाहून तुम्ही त्या दिवशी काय ठरवलं होतं?

इथवर लिहून झालं होतं. आज दुपारी वसतिगृहाच्या फाटकाशी आमच्या गावचा शिवराम उभा दिसला. तो एकटा नागपूरला कधी येत नाही, म्हणून मी जिन्यावरूनच समजलो.

"काकाजी गेले," तो म्हणाला. "परवा, सकाळच्या पारी. गोठ्यातच."

त्याने पुढे सांगितलं. झनकला मामाने कळवलं होतं. तो सामना टाकून आला, आमगाव स्टेशनावरून गावापर्यंत पायी आला, अनवाणी. मातीला पोचला नाही. घरी गेला नाही, आईलाही भेटला नाही. सरळ गोठ्यात गेला आणि चांद्याजवळ बसला.

"कालपासून तठीच बसून हाये," शिवराम म्हणाला. "उठत नाही. म्हनते, हेमराज्याले घेऊन या."

"आणि चांद्या? चारा खातो का?"

शिवरामने खांद्यावरचा दुपट्टा काढून तोंड पुसलं.

"काल नाही खाल्ला. आज मी निघालो तवा झनकच्या हातातून एक घास घेतला."