उलटी किक

चढाच्या मध्यावर धाकटीच्या चपलेचा अंगठा तुटला आणि ती जागच्या जागी थांबली. मोटारसायकल मात्र थांबली नाही, मागे घसरायला लागली. पुढे हँडल धरून चाललेल्या थोरलीने सगळा जीव एकवटून ब्रेक दाबला आणि ओरडली, "अगं, हात काय काढतेस! ही म्हैस अंगावर आली तर उचलायला तुझा देवही यायचा नाही."

"चप्पल तुटली ताई."

"मग अनवाणी चल. पाय तर शाबूत आहेत ना?"

हे बोलून थोरलीने जीभ चावली. त्यांच्या घरात पायावरून कोणी चेष्टा करत नसे.

दोघी जावा. सकाळी निघाल्या तेव्हा म्हैस कशी गुरगुरत निघाली होती. थोरली पुढे, धाकटी मागे, मांडीवर पिशवी. आठ किलोमीटर झकास गेले. मग गाडीला उचकी लागली, दोनदा मागून फटाके वाजले आणि ती बंद पडली. तेव्हापासून अर्धा किलोमीटर त्या ढकलत होत्या. साठीला टेकलेली एक बाई आणि पन्नाशी उलटलेली दुसरी, आणि मध्ये दोघींपेक्षा वयाने मोठी, काळी, पावणेदोनशे किलोची मोटारसायकल.

एका ट्रकवाल्याने वेग कमी करून मान बाहेर काढली. "काय मावशी, नवरा घरी विसरलात का?"

"विसरले नाही, पोचवून आले," थोरली म्हणाली. ट्रकवाला हसला आणि गेला. त्यात खोटं काही नव्हतं. तिचा नवरा जाऊन चौदा महिने झाले होते.

गल्लीत थोरलीला ठिणगी म्हणत. पंख्यांच्या, पंपांच्या जळलेल्या मोटारी घेऊन लोक तिच्याकडे यायचे. जुनी तार उकलून ती नवी भरून द्यायची. हे काम तिला म्हाताऱ्या मिस्तरींनी शिकवलं होतं, आणि लग्नानंतरची बरीच वर्षं त्यांच्या गॅरेजची सगळी वाइंडिंगं तीच घरी बसून करायची. नवरा गेल्यावर तिने शेडमधली ही गाडी बाहेर ओढली. अठरा वर्षं ती तिथे गंजत पडली होती. वर्षभरात तिने तिचा नट अन् नट सोडवला, धुतला, घासला, परत बसवला. का, ते कोणाला सांगितलं नाही. काल धाकटीला एवढंच म्हणाली, "मिस्तरींकडे जायचंय, टेकडीपलीकडे, भाचीकडे असतात ते. तू चल. वही-पेन घे, तुझं अक्षर चांगलं आहे."

धाकटीला वाटलं, सामानाची यादी करायची असेल.

चढ संपला तिथे बसथांब्याची रिकामी शेड होती. गाडी सावलीत लावून थोरलीने पदर खोचला आणि हत्यारांची गुंडाळी उलगडली. कार्बोरेटरचं बटण दाबलं, पेट्रोल ओघळलं. प्लग काढला, ओला होता. "पेट्रोल पोचतंय, पेटत नाहीये," ती म्हणाली. प्लग वायरला लावून इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवला आणि हाताने किक दाबली. ठिणगी नाही. पुन्हा दाबली. नाही. ठिणगीची वीज बनवणाऱ्या मॅग्नेटोचं झाकण उघडून तिने पॉइंट पाहिले, पुठ्ठ्याच्या कार्डाने फट मोजली, घासून पुसले. तरी नाही. शेवटी तिने मॅग्नेटोवर तळहात ठेवला आणि झटकन मागे घेतला.

"तवा झालाय नुसता. थंड असली की चालते, तापली की करंट पळतो. आतला कंडेन्सर. तार सगळी नवी भरली मी, तो एक तेवढा जुना ठेवला. मिस्तरींनी बसवलेला म्हणून. लाड नडले."

"मग आता?"

"आता काय, ओलं फडकं आणि अर्धा तास. थंड झाली की सहा-सात किलोमीटर जाईल. तेवढंच उरलंय."

"नाहीतर ढकलत नेऊ."

"बंद गाडी घेऊन नाही जायचं त्यांच्या दारात. त्यांना ऐकू येत नाही. पण चालू गाडीच्या टाकीवर हात ठेवला की त्यांना सगळं कळतं."

बाटलीतल्या पाण्याने भिजवलेलं फडकं मॅग्नेटोवर घालून ती बाकावर बसली. तिच्या डाव्या तळहातावरचा डाग चमकत होता. वाइंडिंगच्या भट्टीवर भाजलं असं ती सगळ्यांना सांगायची. खरं तर नवऱ्याने तो हात मनगटाला धरून तापलेल्या सायलेन्सरवर दाबला होता, आणि चर्र आवाज धाकटीने भिंतीपलीकडून ऐकला होता. त्या रात्री तिने देवापुढे एक वात जास्त लावली. आणखी काही केलं नाही.

"ही लिव्हर बघ," थोरली म्हणाली. हँडलच्या डाव्या बाजूला बोटाएवढी लिव्हर होती. "ठिणगी कधी पडायची ते हिच्यावर. किक मारताना मागे घ्यायची, पळायला लागली की पुढे. पुढे ठेवून किक मारलीस तर पिस्टन वर पोचायच्या आतच भडका उडतो. इंजिन उलटं फिरतं आणि किकचा दांडा उसळून वर येतो. मध्ये कोणाची तंगडी आहे हे तो बघत नाही."

"मला कशाला सांगतेस?"

"ह्यांना लिव्हरचा कंटाळा होता. सकाळी गाडी पुसायची, पेट्रोल चालू करायचं, लिव्हर मागे घ्यायची, ते माझं काम. साहेब येणार, किक मारणार आणि जाणार."

ती सकाळ धाकटीला लख्ख आठवत होती. ती मोरीत भांडी घासत होती. किकचा आवाज आला, लगेच लाकूड मोडावं तसा दुसरा आवाज, आणि मग मोठ्या दिरांची किंकाळी. ती धावली तेव्हा ते जमिनीवर पडून हात आपटत होते आणि नडगीचं पांढरं हाड पँट फाडून बाहेर आलं होतं. अंगणात रक्त पसरत होतं. आठवड्यापूर्वीच मिस्तरींनी इंजिन बांधून दिलं होतं. मिस्तरीने ठिणगीचं टायमिंग चुकवलं, असं दीर दवाखान्यात जाईपर्यंत ओरडत होते.

पाचव्या दिवशी दोघे भाऊ गॅरेजवर गेले. थोरला भाड्याच्या गाडीत प्लास्टर घालून, धाकटा लोखंडी पहार घेऊन. धाकटा म्हणजे हिचा नवरा.

"मी होते गाडीत," थोरली म्हणाली. "ह्यांचा पाय मांडीवर धरून. मिस्तरी म्हणत होते, थांबा, गाडी आणा, मी तपासून बघतो. तुझ्या नवऱ्याने कानावर पहार घातली. ते पडले. केसांना धरून उठवलं, परत घातली, दुसऱ्या कानावर. मग त्यांचा उजवा हात लोखंड आवळायच्या शिकंज्यात घातला. हे गाडीतून सांगत होते, अजून पिळ, अजून पिळ. आणि तो मूठ फिरवत होता. चार बोटं. एकेक मोडल्याचा आवाज माझ्यापर्यंत येत होता. मी ह्यांच्या प्लास्टरवरच ओकले."

"पण चूक त्यांची होती ना?" धाकटीचा आवाज फाटला. एकोणीस वर्षं तिने हीच एक काडी धरून ठेवली होती. नवरा त्या दिवशी घरी आला तेव्हा शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत लाल होत्या. तिने तो शर्ट गार पाण्यात धुतला, कारण ऊन पाण्यात रक्ताचा डाग बसतो. धुताना ती देवाचं नाव घेत होती आणि मनाशी म्हणत होती, माणूस लंगडा झालाय, राग यायचाच.

"लिव्हर मी पुढे केली होती," थोरली म्हणाली. "भाजलेल्या हाताला पट्टी होती, मागे घ्यायला विसरले, असं कितीतरी वर्षं स्वतःला समजावलं. पण त्या सकाळी ती आधीच मागे होती, आणि मागची लिव्हर आपण होऊन पुढे जात नाही. फडक्याने पुसली आणि दोन बोटांनी ढकलली. म्हटलं, मुरगळेल पाय, आठ दिवस तरी हात उचलायला माझ्या मागे अंगणभर पळणार नाही. हाड दिसलं तेव्हा मला बरं वाटलं. तेही खरंच आहे."

धाकटीने आयुष्यात कोणावर हात उचलला नव्हता. तो उचलला गेला, आणि शेडमध्ये थपडेचा आवाज घुमला. थोरलीची मान एका बाजूला फिरली. ओठातून रक्त आलं. ते तिने पदराने टिपलं.

"आणखी एक मार," ती म्हणाली. "मिस्तरींच्या वाटची."

"तू तेव्हाच बोलली असतीस तर!"

"तर मला मारलं असतं. त्या शिकंज्यात माझं डोकं घातलं असतं. मी घाबरले, दुसरं काही नाही. आणि मिस्तरींनी पोलिसात तक्रारसुद्धा दिली नाही, माहितीये का? भाची सांगत होती. म्हणतात, माझाच हात चुकला, माझ्यामुळे माणूस अधू झाला. गॅरेज बंद केलं ते मोडक्या बोटांमुळे नव्हे. डाव्या हाताने केलं असतं त्यांनी काम. पण आपल्या हाताचा भरवसाच गेला त्यांचा."

फडकं वाळलं होतं. थोरलीने मॅग्नेटोला हात लावून पाहिला, प्लग बसवला, गाडीवर टांग टाकली आणि उजवा पाय किकवर ठेवला. पातळ चपलेतली, शिरा वर आलेली ती म्हातारी तंगडी.

"लिव्हर तू लाव," ती म्हणाली, आणि समोर रस्त्याकडे बघत राहिली.

धाकटीने लिव्हरवर दोन बोटं ठेवली. गाडी चालता चालता बंद पडली होती, त्यामुळे लिव्हर पुढेच होती. काहीच करायला नको होतं. नुसतं "लावली" म्हणायचं. अशी वेळ आली की तिच्या तोंडात देवाचं नाव यायचं, आज तेही येईना. थोरली वळून बघत नव्हती. तिने किकवर सगळा भार तोलून धरला होता.

धाकटीने लिव्हर मागे ओढली. कट्ट वाजलं.

"मागे आहे," ती म्हणाली.

पहिली किक वाया गेली. दुसरीला इंजिन खोकलं. तिसरीला म्हैस हंबरली, आणि सगळी शेड थरथरली.

उरलेल्या वाटेत धाकटी अनवाणी पाय वर घेऊन बसली होती. शेवटच्या वळणावर इंजिनाला पुन्हा उचकी लागली. तरी म्हैस दारापर्यंत पोचली.

मिस्तरी ओट्यावर बसले होते. अंग निम्मं झालं होतं. उजव्या हाताची बोटं झाडाच्या मुळांसारखी एकात एक वळलेली. गाडी पाहून ते उठले, भिंत धरत खाली आले आणि तोच हात त्यांनी टाकीवर ठेवला. डोळे मिटले. इंजिनाचा ठोका त्यांच्या मनगटातून वर चढताना दिसत होता. बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात ते म्हणाले, "तू बांधलीस पोरी? छान बांधलीस. मीच चुकलो होतो. माझ्यामुळे तुझ्या नवऱ्याचा पाय गेला."

थोरलीने त्यांच्यापुढे हात हलवले, तोंड उघडलं, मग मिटलं. ओरडून सांगितलं असतं तरी त्यांच्यापर्यंत ते पोचणार नव्हतं. तिने पिशवीतून वही काढली, कोरं पान उघडलं आणि पेन धाकटीच्या हातात कोंबलं.

"लिही," ती म्हणाली. "टायमिंग बरोबर होतं, लिव्हर मी पुढे केली होती, असं माझं नाव घालून लिही. मोठं अक्षर काढ, त्यांना वाचता आलं पाहिजे. आणि खाली, शिकंज्याची मूठ कोणी फिरवली ते. त्यांना माहीत आहे गं, पण आपल्या घरातून आजवर ते कोणी कबूल केलेलं नाही. तुझ्या नवऱ्याचं नाव मी सांगणार नाही, ते तुझं तूच लिही."