पूनमची फुंकर

मांडवगण फराट्याच्या सोजरबाईला आळसाचा भारी तिटकारा. सासऱ्याच्या मेंढरांमागं तिनं अर्धा जिल्हा पायी तुडवलेला. आता शेतात घर बांधून राहिली, तरी रिकामा बसलेला माणूस तिच्या डोळ्यांत खुपायचा. आणि पोटी आली ती पूनम! आठ वर्षांची पोर. चुलीपुढं बसवून हातात फुंकणी दिली, की भराभरा फुंकायची आणि मध्येच थांबून भिंतीकडं बघत राहायची. हाक मारली तर हूं नाही की चूं नाही. सोजरबाईला वाटे, सोंग करते कार्टी, आणि पाठीत धपाटा बसे. थोड्या वेळानं भानावर आलेली पूनम, मार कशाचा बसला हेच न कळून रडत राही. शाळेतही तेच. हिच्या डोक्यात काही शिरत नाही, दिवाळीनंतर शाळा बंद, असं बापानं, संपतनं ठरवून टाकलं होतं.

शाळेतल्या बाईंनी अडवलं. आधी दौंडला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा, म्हणाल्या. १९९७ सालची ही गोष्ट. पोरीच्या डोक्यावर तेल चोपडून, वेणी घट्ट घालून सोजरबाई जीपमध्ये बसली. चार लोकांत जायचं तर डोकं कोरडं कसं न्यायचं? दवाखान्यात मेंदूचा आलेख काढणाऱ्या महेंद्रनं ते बघून कपाळाला हात लावला. तेलकट डोक्याला तारा चिकटत नाहीत. नळाखाली दोनदा साबण लावावा लागला.

शॉक देणार का, असं सोजरबाईनं चारदा विचारलं. मशीन काहीच देत नाही, मेंदूत आपोआप जी वीज खेळते तिची फक्त नोंद करतं, असं महेंद्रनं न कंटाळता चारदा सांगितलं. मग डोक्याला तारा चिकटवून पूनमला म्हणाला, तीन मिनिटं जोरात श्वास घे आणि सोड, चूल फुंकतेस तशी.

दोन मिनिटं झाली असतील. मशीनच्या कागदावर बारीक थरथरणाऱ्या लेखण्या एकदम सगळ्या मिळून वरखाली धावू लागल्या. पूनमची फुंकर थांबली, नजर भिंतीवर खिळली. सवयीनं सोजरबाईचा हात उठला. महेंद्रनं तो वरच्यावर धरला.

"मावशी, तिला आत्ता कायबी कळत न्हाई. सोंग न्हाई हे."

दहा-बारा आकडे मोजावेत एवढ्यात लेखण्या शांत झाल्या आणि पूनम काहीच न घडल्यासारखी पुन्हा फुंकू लागली.

डॉक्टरांनी कागद पाहिला. या फिट्सच आहेत, जोरात श्वास घेतला की अशा येतात. गोळ्या नियमित द्या आणि शाळा अजिबात सोडवू नका, म्हणाले. सोजरबाईनं मान डोलावली, पण तिचे डोळे त्या कागदावरून हलेनात. शेवटी तारा काढणाऱ्या महेंद्रला तिनं हळूच विचारलं, "भाऊ, म्या हिला मारलंय, ते बी ह्यात दिसतंय का?"

"न्हाई मावशी. मार ह्यात दिसत न्हाई."

हायसं वाटायचं, तर तिला हुंदकाच फुटला. आई रडते म्हणजे आपलंच काही चुकलं असणार, असं पूनमला वाटलं. ती घाईघाईनं सावरून बसली.

"आये, रडू नगं. म्या परत फुंकते."