एका ताटातले पोहे

"प्रभू माफ करेल. मी काय प्रभू नाही," असं म्हणून आमच्या बाई चष्मा काढायच्या, पदराने पुसायच्या आणि परत घालायच्या. तेवढ्यात समोरच्या पोराचं पाणी पाणी व्हायचं. बाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. तुमच्याही शाळेत अशी एखादी बाई असेलच. नसेल तर सुटलात.

इंदूरच्या मिल एरियातली ती मिशनची शाळा. मी ड्रॉइंग मास्तर, बाई नीतिशिक्षणाच्या. मराठी ख्रिस्ती, आजोबा नगरकडून इकडे आलेले. वर्गात बहुतेक मिलमजुरांची पोरं. त्यांना प्रभूची गोष्ट सांगायची ती पार मालव्यातली करून. मेंढपाळांना मालवी पगडी, आणि हरवलेलं मेंढरू सापडायचं ते इथल्याच राऊ गावच्या मळ्यात. पितृपक्षात मुली भिंतीवर शेणाची संजा काढून फुलांनी सजवायच्या, तर बाई घरची गुलबक्षीची फुलं घेऊन हजर. चर्चमधले बुजुर्ग तोंड वाकडं करायचे. नाताळाच्या नाटकात मरियमेला माहेश्वरी साडी कशाला, असं एकाने विचारलं. बाई म्हणाल्या, "का हो? तुमची मरियम काय विलायती फ्रॉक घालत होती?" तो गृहस्थ पुन्हा त्यांच्या वाटेला गेला नाही.

वर्गात दोघं भांडले की बाई एकाच ताटात पोहे वाढायच्या. वर सेव, जिरावणाचा मसाला. दोघांनी समोरासमोर बसून खायचे आणि ताट संपल्याशिवाय कुणी उठायचं नाही, हा नियम. "ज्या शिष्याने दगा दिला त्याचाही हात प्रभूच्या ताटात होता. हाकललं का त्याला? मग खा गुपचूप!" पोरं नाक ओढत खायची. निम्मं ताट होईतो एकमेकांच्या बाजूची सेव पळवायला लागायची. मी डोळ्यांनी पाहिलंय.

नाताळात शाळेच्या अंगणात बाई झांकी उभी करायच्या. अनंत चतुर्दशीला मिलवाले गाड्यांवर देखावे काढतात ना, अगदी तशी. पडदे मी रंगवायचो. विजेचं सगळं रामेश्वरजी बघायचे. ते मिलमधले वायरमन, मिलच्या झांकीतले पळते बल्ब त्यांच्याच हातचे. गोठ्यावर टांगायचा मोठा तारा त्यांनी भंगारातल्या पत्र्याचा बनवून दिला होता. त्यांची मुलगी आमच्याच शाळेत. बाई त्यांना राखी बांधायच्या, आणि त्यावरूनही चर्चमध्ये बोलणी खायच्या.

मग मिल बंद पडली. रामेश्वरजी काही दिवस गेटवर धरणं धरून बसले, मग एका नेत्याच्या मंडपवाल्याकडे कामाला लागले. पोट आहे, काय करणार.

त्या नाताळात भरदुपारी त्या नेत्याची माणसं शाळेत घुसली. "झांकी की आड़ में धरम बदलवा रहे हो?" पोरं तोंडाला रंग लावून उभी. रामेश्वरजींची मुलगी मरियम झालेली. आणि त्या घोळक्यात रामेश्वरजी.

त्यांनीच शिडी लावली आणि तारा उतरवला. तोडला नाही हो. एकेक बल्ब काढला, वायर कोपरावर नीट गुंडाळली. "बेनजी, मैं उतार देता हूँ. ये लोग तोड़ देंगे," हळूच म्हणाले. मुलीला हाताला धरून निघाले. तेवढ्यात बाकीच्यांनी माझे पडदे टराटरा फाडले.

बाईंनी चष्मा काढला. पुसला. घातला. जाणाऱ्या रामेश्वरजींच्या पाठीकडे बघून म्हणाल्या, "प्रभु माफ़ कर देंगे, भैया. मैं नहीं."

आम्हाला वाटलं, राग आहे, जाईल. कसला जातोय! सुट्टीनंतर मुलगी शाळेत आली तर बाईंनी तिला शेवटच्या बाकावर बसवलं, आणि पुन्हा तिच्याकडे पाहिलं म्हणून नाही. बिचारी हात वर करून करून थकली. माझा जीव तुटायचा. एकदा तोंडावर बोललो, "बाई, हेच का तुमचं नीतिशिक्षण?" म्हणाल्या, "मास्साब, तुम्ही आपले रंग कालवा." वर्ष संपायच्या आत मुलीने शाळा सोडली. पोह्यांचं ताटही बंद झालं. पुढे मॅनेजमेंटने शाळा इंग्लिश मीडियम केली. नीतिशिक्षणाला छापील पुस्तक आलं, त्यात बर्फ आणि गोरी गोरी मेंढरं. बाई रिटायर झाल्या.

दर नाताळाला सकाळी मी त्यांच्या घरी जायचो. करंज्या, अनारसे, केक. मी खात बसलो की फाटक वाजायचं. रामेश्वरजी. हातात झाकलेलं ताट. पोहे. शाळेतला नियम मुलीने कधीतरी घरी सांगितला असणार. मी उठायचो, तेवढ्यात बाई आतून ओरडायच्या, "सांगा, बाई घरात नाहीत!" आवाज पार फाटकाबाहेर. "कोई बात नहीं, मास्साब," म्हणून ते ताट दारापुढच्या ओटल्यावर ठेवायचे आणि जायचे. बाई पोहे गाईला घालायच्या. ताट मात्र लख्ख घासून फाटकापाशी ठेवायच्या. वर्षानुवर्षं हेच. दोघं म्हातारे झाले, पण हे काही चुकलं नाही.

एका नाताळाला फाटक वाजलंच नाही. बाई सकाळपासून खिडकीचा पडदा सरकवत होत्या. "काय हो मास्साब, कुणी आलं का? बघा तर." पुन्हा थोड्या वेळाने तेच. शेवटी माझं डोकं फिरलं.

"कोण येणार? रामेश्वरजी वारले. दिवाळीच्या आधीच."

"आणि मला नाही सांगितलंत?"

"तुम्ही घरात नव्हतात ना, बाई."

बाई उठल्या. आत गेल्या. फोडणीचा वास आला. ताटभर पोहे, वर सेव, जिरावण घेऊन बाहेर आल्या आणि ओटल्यावर बसल्या, समोर एका माणसाची जागा ठेवून. आपल्या बाजूचे पोहे खाल्ले. मधोमध हात थांबवला.

ऊन कलंडलं. सेव मऊ पडली. समोरच्या बाजूला मुंग्या लागल्या. मला राहवेना. म्हटलं, "बाई, उठा आता. गारठा पडतोय."

त्यांनी चष्मा काढला. पुसायचा राहिला, तसाच हातात धरून बसल्या.

"कशी उठू? ताट संपलं कुठे?"