नऊ घागरींचा रांजण

लेखक पांडुरंगराव यांच्या घराचं संग्रहालय झालं, म्हणून मावला गावातलं माझं किराणा दुकान बंद ठेवून मी मुद्दाम जैनथकडच्या त्यांच्या गावी गेलो. कॉलेजात असताना त्यांचं एक पान मला तोंडपाठ होतं. रोज पहाटे ते अंगणातला रांजण भरतात, वाटसरू पाणी पिऊन जातात, असं काहीसं. त्या पानासाठी मी वेडा होतो.

अंगणात पाय ठेवला आणि डोकंच फिरलं. मातीच्या रांजणाला चकचकीत निळा ऑइलपेंट फासलेला, भोवती दोरी, आत ठणठणीत कोरडा. रंग दिलेला रांजण पाझरत नाही आणि पाझरला नाही तर पाणी गार होत नाही, एवढंही संग्रहालयाच्या समितीतल्या एकाही शहाण्याला कळू नये?

दोरीपाशी शेजारच्या सखूबाई भरली घागर डोक्यावर घेऊन उभ्या होत्या. राखणदार वैभव त्यांना अडवत होता.

"काऊन भरू नको? तीस वर्सं मीच भरून राह्यली," त्या कडाडल्या. "राव गेले म्हनून फाट्यावरून उन्हात येनाऱ्या लोकाइची तहान गेली का?"

"आजी, हा रांजण लेखकाचा हाये. पाटीवर लिवलं हाये ना."

"मले कुठं वाचता येते? बापू, तू वाच."

मी वाचलं. तेच पान होतं. 'रोज पहाटे मी स्वतःच्या हातांनी हा रांजण भरतो.' वाचता वाचता माझा आवाज खाली गेला.

सखूबाईंनी घागर उतरवली. "रावानं लिवलं असं? सोता?"

"हो."

"खाटेवरून हाक मारे. सखू, पानी झालं का? घागर कशी धरतेत ते बी ठाव नव्हतं त्याले!"

तीस वर्षं जे राव होते, ते तिथल्या तिथे 'त्याले' झाले. मला संताप आला पांडुरंगरावांचा, आणि त्या पानावर मान डोलावणाऱ्या माझाही. पाणी हिनं वाहायचं आणि पुण्य यांनी छापायचं!

सखूबाईंनी विटेचा तुकडा उचलला, दोरीखालून आत शिरल्या आणि रंग खरवडू लागल्या. वैभवनं फोन काढला.

"कर फोन!" मी त्याच्यावर खेकसलो आणि दुसरी वीट शोधली.

तासाभरात निम्माअधिक रांजण पुन्हा मातीचा दिसू लागला. मी म्हणालो, "सखूबाई, मी समितीला लिहितो. पाटीवर तुमचं नाव लागलं पाहिजे."

"नाव मंग लाव," त्या फणकारल्या. "पयले घागर उचल. तुह्या लेखकाच्या वाट्याची."

उचलली. हापशीपासून अंगणापर्यंत पहिल्याच खेपेला मी दोनदा थांबलो. रांजण भरायला नऊ घागरी लागल्या. पांडुरंगरावांच्या एकाही पुस्तकात हा आकडा नाही.