पोत्यातून आलेला शब्द

जत्रेचा दुसरा दिवस, शनिवार, दुपारी साडेचार. जागा कर्नाटकातल्या कोगनोळीजवळ, आमच्या गावच्या शाळेमागचं मैदान. हजर: धारवाडकडून आलेला जादूगार, ढोल वाजवणारी त्याची बायको, तंबाखूच्या वखारीतले दोघे हमाल (सख्खे भाऊ), जेसीबीवाला, आणि माईक हातात घेतलेली मी, पंचायतीतली क्लार्क. बाकी सगळं गाव.

खेळ असा होता. जादूगाराला हात पाठीमागे घेऊन दोरानं बांधायचं, डोक्यावर पोतं चढवायचं, जेसीबीला उलटं टांगायचं आणि खाली तंबाखूची वाळकी खोडं पेटवायची. जाळ वर पोचण्याआधी त्यानं सुटायचं. वाळूच्या बादल्या, पाण्याचं पिंप, जेसीबीवाल्याला करायची खूण, सगळं मी सकाळीच कागदावर घेतलं होतं. थांबायचं झालं तर तो काय ओरडेल, हे विचारायचं राहिलं.

"घट्ट बांधा," तो म्हणाला. हमाल पुढे आले. बांधून घेताना त्यानं छाती फुगवली. युक्ती तीच होती. नंतर श्वास सोडला की दोर सैल पडतो. पण वखारीत बोद, म्हणजे तंबाखूचा गठ्ठा, आवळताना हमाल त्यावर गुडघा रोवून आतली हवा काढतात. थोरल्यानं सवयीनं त्याच्या पाठीत गुडघा घातला. त्याच्या तोंडून 'हंऽ' असा आवाज निघाला आणि धाकट्यानं गाठ ओढली.

"बोद अजून फुगतंय रं. आणि एकदा दाब!"

"दाबलं की. आता ट्रकातनं फेकला तरी सुटत न्हाय ह्यो."

लोक हसले. तो वर गेला, जाळ पेटला, ढोल सुरू झाला. मिनिटभर तो नुसता वळवळला, मग झटके देऊ लागला. दोर मनगटात रुतला. रक्त पाठीवरून पोत्याकडे उतरायला लागलं. आतून आवाज आला, "बिड्री! बिड्री!"

बिड्री म्हणजे सोडा. मला कन्नड येतं. पंचायतीत दिवसभर दुसरं काय लिहिते? पण आमच्याकडे घराघरांत बिड्या वळतात. माझ्या कानाला बिडीच ऐकू आली, आणि मी माईकवर म्हणाले, "अण्णाला बिडी पायजे व्हय? खाली इस्तू हायच की, घ्या पेटवून!"

सगळं मैदान खदखदलं. तो ओरडत होता, आम्ही हसत होतो. पोत्याच्या कडेनं धूर निघाला तेव्हा ढोल थांबला.

"इळसरी! इळसरी!" त्याची बायको किंचाळत धावली. खाली घ्या, एवढंच कळून जेसीबीवाल्यानं त्याला सरळ खाली घेतलं, जाळावर. थोरल्या हमालानं उघड्या पायांनी पेटती खोडं उडवली. धाकट्यानं कोयता घातला तो दोरासकट मनगटात गेला. टांगायचा दोरही तोच, तो तुटला आणि माणूस डोक्यावर आपटला. पोतं ओढलं तर केस पोत्याबरोबर आले.

मग जे हसत होते तेच हमालांवर तुटून पडले. "तुम्हीच आवळलं की रं त्याला!" थोरल्याचे तळपाय भाजले होते, त्याला पळताही येईना. त्याला खाली पाडून बरगड्यांत लाथा घातल्या. मला गावातल्या कुणी हात लावला नाही. जादूगाराची बायको मात्र सरळ माझ्याकडे आली आणि ढोलाची काठी माझ्या तोंडावर हाणली. दुसऱ्या फटक्याला दात हलला. मी हात आडवा घातला नाही.

जादूगाराला बेळगावला नेलं. तो जगला. उजव्या हाताची तीन बोटं मिटत नाहीत, आणि त्याचं पोट त्या हातावर होतं.

गेल्या आठवड्यात त्याची बायको पंचायतीत आली. अपंगत्वाच्या अर्जाला साक्षीदाराचा जबाब हवा आहे. कागद टेबलावर ठेवून ती कन्नडमध्ये म्हणाली, "अक्का, घडलं तसं लिहा. दोर अडकला, एवढंच लिहून मोकळ्या होऊ नका."

अपघात कसा झाला, या रकान्यासाठी मी तीन कच्चे कागद केले. एकात गाठ आहे, एकात जाळ, एकात जेसीबीवाल्याची चूक. तो 'सोडा' म्हणत होता हे एकातही नाही, आणि त्यावर मी काय बोलले तेही नाही. सोमवारी साडेदहाला ती येणार आहे. रकाना अजून कोरा आहे.